अकरावा

रविवार, २७ ऑक्टोबर २०२४. रात्र.

चिवडा खाली लागला. पोहे जरा जास्तच तांबूस झालेत, वरचे वर काढून घेतले, शेंगदाणे वाचले. पण लिहायला बसले ते चिवड्यावर नाही.

दुपारी मुलाची यादी आली, कॉलेज बास्केटबॉलच्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये (संघांच्या गटात) यंदा कोण कितवं येईल याची. दर ऑक्टोबरात येते तशीच, फक्त या वेळी चौकडीच्या वहीत नाही, फोनवर. लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो. अठरा ओळी आणि प्रत्येकीपुढे दशांश चिन्हातले आकडे. एका हातात झारा, दुसऱ्यात फोन, आणि सवयीने नजर वरून खाली आपल्यालाच, म्हणजे आपल्या न्यू जर्सीच्या संघाला, शोधत गेली. पर्ड्यू. इलिनॉय. (हं.) यूसीएलए. इंडियाना. मिशिगन स्टेट. मिशिगनसुद्धा. खाली, आणखी खाली.

रटगर्स, अकरावा.

चिवडा लागला तो तेव्हाच.

मी लिहिलं, "अकरावा??" तिकडून उत्तर, "कॉम्प्युटरचं मॉडेल म्हणतंय आई, मी नाही." लहानपणी दूध सांडलं की मांजराने सांडलं म्हणायचा. आमच्याकडे मांजर नव्हतं.

आता कॉलेजच्या पोरांच्या बास्केटबॉलमध्ये एका संघाला एका मुलाने कितव्या नंबरवर ठेवलं याने मला रात्री झोप येऊ नये, हे माझं मलाच हास्यास्पद वाटतंय. ह्यांनाही वाटलं. "अगं, सीझन सुरू तरी होऊ दे," म्हणाले आणि परत त्यांच्या कॉलवर गेले. रविवारी कॉल. त्या विषयावर आज नको.

वही काढली. पहिलं पान २०१४चं. रटगर्स त्याच वर्षी बिग टेनमध्ये आलं आणि हा आठ वर्षांचा होता. चौदा संघांची यादी केली होती, स्पेलिंगच्या नऊ चुका, आणि रटगर्स पहिला. त्या वर्षी कॉन्फरन्समध्ये दोन जिंकले, सोळा हरले. मी त्याला सांगितलं होतं, शेवटून पहिला म्हणजेही पहिलाच. पुढच्या वर्षी परत पहिला लिहिला आणि पोरांनी एक जिंकला, सतरा हरले. तरी तिसऱ्या पानावरही पहिलाच आहे, फक्त पेन्सिल जरा हलकी टेकवलेली दिसते.

मोजलं, तर यंदाची ही आमची अकरावी यादी. बघा म्हणजे. एकदा आकडा डोक्यात बसला की सगळीकडे तोच दिसतो. बिग टेनचं जुनं चिन्ह आठवलं. पेन स्टेट आल्यावर संघ अकरा झाले, पण नाव 'दहा'च ठेवायचं होतं, म्हणून कुणा हुशार माणसाने अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत ११चा आकडा लपवला होता. मुलाला तो सापडला तेव्हा घरभर नाचला होता. आता तर नाव दहाचं आणि आत अठरा. आमच्याकडची काळीपिवळी जीप अशीच असायची, परवाना दहाचा, आत अठरा, दोघं मागे लटकलेले. यंदा ऑगस्टमध्ये यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन चढले. जर्सीची पोरं फेब्रुवारीत ओरेगन आणि मग सिअ‍ॅटलला खेळून येणार, आणि याला 'कॉन्फरन्स' म्हणायचं. पूर्वी शेजारपाजारच्यांची असायची.

पण विषय अकरावा.

स्वतःशीच वाद घालून पाहिला. दुपारभर माझ्या बाजूने बोलत होते. डिलन हार्पर इथलाच, डॉन बॉस्को शाळेचा. थोरला भाऊ रटगर्सकडूनच खेळून गेलेला, वडील एनबीएतले. दुसरा एस बेली, जॉर्जियाच्या शाळेतून आलेला, हात इतके लांब की उभ्या उभ्या पंखा पुसेल. यांच्या वर्षातल्या पोरांत सगळ्यात वर ड्यूकचा कूपर फ्लॅग आणि त्याच्या लगेच मागे ही दोघं. असली दोन पोरं एकाच वेळी पिस्कॅटवेला, रटगर्सच्या गावी, येतील असं दोन वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर मी त्याला लिंबूपाणी दिलं असतं. एपी वृत्तसंस्थेच्या यादीत सगळ्या देशात पंचविसावे आहोत. बिग टेनमधून आपल्यावर फक्त तिघं, पर्ड्यू चौदा, इंडियाना सतरा, यूसीएलए बावीस. म्हणजे सरळ हिशेबाने चौथे. मी तिसरे धरले होते, तेही यूसीएलएला इकडच्या थंडीत खेळायची सवय नाही म्हणून. (मैदान बंदिस्त असतं हे मला माहीत आहे. तरी.)

रागाच्या भरात माझं नागपूर बाहेर येतं. फोनवर म्हणालेच, "काऊन रे, अकरावा काऊन?" तो हसला. मग अगदी शांतपणे, कस्टमर सर्व्हिसवाले बोलतात तसं समजावून सांगायला लागला. गेल्या वर्षी पंधरा जिंकले, सतरा हरले. बॉल जाळ्यात जात नव्हता, आई, तूच टीव्हीवर उशी फेकली होतीस. त्यातला सगळ्यात मोठा माणूस क्लिफ ओमोरुयी, तो अलाबामाला गेला. मध्ये उभं कोण राहणार? हार्पर आणि बेली अठरा-एकोणीस वर्षांचे, आणि कोविडच्या जादा वर्षामुळे समोर तेवीस-चोवीस वर्षांचे बाप्ये आहेत. बाकीचे मेरिमॅक, ईस्टर्न मिशिगन, प्रिन्स्टनहून आलेले. मॉडेल याला 'जास्त अनिश्चित' म्हणतं.

"आणि इलिनॉय?" मी म्हटलं. "तिथे कोण जुनं आहे? शॅनन गेला, डोमास्क गेला, हॉकिन्स गेला. सगळं दुकान नवं. एक पोरगा लिथुएनियाचा, एक क्रोएशियाचा. ते अनिश्चित नाहीत?"

"युरोपात ते मोठ्या माणसांबरोबर खेळलेत आई."

गेल्या मार्चमध्ये यूकॉनने (कनेक्टिकटच्या संघाने) याच इलिनॉयला सलग तीस गुण मारले. तेवीस-तेवीसवरून त्रेपन्न-तेवीस. तेव्हा चिरंजीव माझ्याच शेजारी सोफ्यावर लोळून हसत होते. रटगर्स आणि इलिनॉय, दोन्हीकडची प्रवेशाची पत्रं तेव्हा घरात आलेली होती, फ्रिजवर एकाच चुंबकाखाली. मीच लावली होती.

असो.

ओमोरुयीचा मला वसंतात राग आला होता. चार वर्षं इथे वाढला आणि शेवटच्या वर्षी निघाला. तेव्हा ह्यांच्याशी भांडले होते, की हे ट्रान्सफर पोर्टल म्हणजे काय, नातं नाही, काही नाही, फॉर्म भरला की निघाले. हे म्हणाले होते, "तू नागपूर सोडताना कोणता फॉर्म भरला होतास?" त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी लास व्हेगासला अलाबामाशी सामना आहे. क्लिफ समोर असेल. आता राग नाही. त्याने पहिला डंक केला, उडी मारून बॉल वरून जाळ्यात कोंबला, की माझ्या तोंडून "शाब्बास" निघणार, आणि मग मी इकडेतिकडे बघणार.

आईचा फोन सकाळी झाला. डोळ्याचं पुढच्या महिन्यात ठरलंय. भाऊ आहे तिथे. तेही आज नको.

मला वाटलं, ही अकराची टोचणी जुनी असेल. युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल संघाच्या निवडीला मी उभी राहिले होते, शिवाजीनगरच्या मैदानावर घाम गाळून. लिहिता लिहिता म्हणणार होते, की बघा, तेव्हाही यादीत माझं नाव अकरावं होतं, बाकाच्या टोकाला. छान जुळलं असतं. पण खोटं आहे. माझं नाव तेरावं होतं. बारा पोरींचा संघ. मी अकरावी असते तर नवा युनिफॉर्म मिळाला असता, अमरावतीला एसटीने गेले असते आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या धरल्या असत्या. किती आनंदात धरल्या असत्या.

म्हणजे अकराव्यात वाईट असं काहीच नाही. हे आत्ता कळतंय, रात्री, लागलेल्या चिवड्याच्या वासात.

मग वाईट कशाचं वाटलं? एवढंच, की त्याने आपल्याला शोधावंच लागलं नसणार. त्याच्या यादीत रटगर्स एक ओळ आहे, इतर सतरांसारखी. मला वरून खाली शोधावं लागलं आणि त्याने नुसतं बटण दाबलं. आठ वर्षांचा होता तेव्हा अकरावा लिहायला याचा हात कापला असता. २०२१ला ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत हातातला सामना गेला, त्रेसष्ट-साठ, तेव्हा हा जिन्यात जाऊन बसला होता आणि जेवायला आला नव्हता. मी ताट झाकून ठेवलं होतं. तीस वर्षांनी संघ एनसीएएच्या, म्हणजे देशभरच्या कॉलेजांच्या, स्पर्धेत पोचला होता. त्याच्या आदल्या वर्षी तर घरच्या मैदानावर अठरा जिंकून एकच हरलो होतो, ते रॅकवर (त्या मैदानाचं तेव्हाचं नाव) इतकं दणाणायचं की माझे कान दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाजायचे, आणि मार्च येतो तोच सगळं बंद झालं. हे सगळं मॉडेलमध्ये कुठल्या रकान्यात भरतात?

हे वाक्य मी फोनवर बोलले नाही, बरं झालं. लिहिलेलंही खोडावंसं वाटतंय. फार रडकं आहे.

धाकटी खाली आली पाणी प्यायला. यादी बघून म्हणाली, "दादाने नेब्रास्काला दहावं ठेवलंय, तुला त्याचा राग यायला हवा." खरंच की! नेब्रास्का! ज्यांनी एनसीएएच्या स्पर्धेत आजवर एकसुद्धा सामना जिंकलेला नाही! आणि आपला गॅव्हिन ग्रिफिथ्स तिकडेच गेलाय. नेब्रास्काच्या खाली! इतका वेळ मी चुकीच्या गोष्टीवर रडत होते.

मग दिवा मोठा केला आणि नीट बसले. माझी यादी आता अशी. पर्ड्यू पहिला. झॅक ईडी गेला, पण ब्रेडन स्मिथ आहे आणि एप्रिलमध्ये यूकॉनकडून फायनल हरल्याचं ओझं आहे. हरलेल्याचं ओझं कामाचं असतं. इंडियाना दुसरा, बल्लो मध्ये उभा राहिला की बाकीच्यांना ऊन लागत नाही; फक्त तिथल्या लोकांना धीर नाही, शेवटच्या विजेतेपदाचा १९८७चा झेंडा बघून बघून त्यांची मान अवघडलीय. मिशिगन मी नववा धरला होता, मुलाचा सहावा. गेल्या वर्षी आठ जिंकून चोवीस हरलेला संघ सहावा कसा? पण प्रशिक्षक डस्टी मे तिकडे गेलेत, ज्यांनी फ्लोरिडा अटलांटिकसारख्या छोट्या ठिकाणाला फायनल फोरपर्यंत नेलं, आणि येताना सात फुटांची दोन पोरं घेऊन आलेत, त्यातला एक येलचा. बरं, सातवा. एवढं मॉडेलचं ऐकते. प्रशिक्षक इझोंचा मिशिगन स्टेट चौथा. २००० साली त्यांनी देशाचा चषक नेला, त्यानंतर बिग टेनमध्ये असताना कुणीच नाही, चोवीस वर्षं. म्हाताऱ्याच्या हातून पुन्हा व्हावं असं वाटतं, पण वाटून गुण मिळत नाहीत. वॉशिंग्टन, मिनेसोटा, पेन स्टेट तळाला. पंधराच संघ इंडियानापोलिसला बिग टेनच्या स्पर्धेला जाणार, खालचे तीन घरीच. म्हणजे यंदा शेवटून पहिल्याला स्पर्धासुद्धा नाही.

आणि अकरावा? अकरावा जातो. बुधवारी, पहिल्याच दिवशी, चौदाव्याशी खेळतो. तिथून जिंकत जायचं तर पाच दिवसांत पाच. कुणी करत नाही. पण पत्रिकेत नाव असतं.

रटगर्स मी तिसरा लिहिला होता. तो खोडून चौथा केला. मग पाचवा. मग खोडरबराने पान फाटेल असं वाटलं म्हणून थांबले. पाचवा. याच्या खाली मी येणार नाही. आणि इलिनॉय आठवा. तिथे कुठलंही मॉडेल नाही, तो आईचा अधिकार आहे.

फोटो काढून पाठवला. तिकडे एक तास मागे आहे, जागा असणारच. दोन मिनिटांनी उत्तर आलं, "इलिनॉय आठवा???" तीन प्रश्नचिन्हं. माझ्यापेक्षा एक जास्त.

मग लगेच दुसरं, "फराळ पाठवलास का?"

उद्या पाठवते म्हटलं. चकल्या फुटतील, पण फुटलेल्याही तो खातो. चिवडा नवा करायला हवा.

इलिनॉय फेब्रुवारीत इथे येतंय, जर्सी माइक्स अरीनात, आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. आठवड्याचा मधला दिवस. त्याला क्लास असेल. मी दोन तिकिटं बघून ठेवली आहेत, धाकटी येईन म्हणाली, पण कानात काहीतरी घालून बसणार. इलिनॉयची नारंगी पोरं समोरून धावत येतील, आणि त्यातल्या एकाने तरी तिथल्या मेसमध्ये आमच्या पोराला बघितलं असेल का, असं काहीतरी डोक्यात चालू राहील माझ्या. ओरडायचं मात्र ठरलेल्या बाजूनेच.

पोहे किती उरलेत ते बघते.