मंदक्रोध

आज सकाळच्या उपासनेत स्तोत्र 103 वाचायची पाळी माझी होती. आठव्या वचनातल्या ‘मंदक्रोध’, म्हणजे लवकर न रागावणारा, या शब्दापाशी आवाज अडकला. काल रात्रीच दूध सांडलं म्हणून लेकीवर ओरडले होते. आईच्या जुन्या बायबलात या शब्दाखाली पेन्सिलची पुसट रेघ आहे, ती आज नीट पाहिली.

देवाने स्वतःची ही ओळख इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला सीनाय पर्वतावर दिली, बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात. तीही लोकांनी सोन्याचं वासरू पूजल्यावर! योना संदेष्टा तर देव असा आहे म्हणूनच चिडला, निनवे शहर नाशातून वाचलं ना. किती मोठं मन आहे प्रभूचं!

शेवटच्या गीताला लेकीने माझा पदर धरला. तिला कडेवर घेऊनच गायले. हालेलुया!