रेड लेक पासिंगची गाडी आणि माझा विमा क्लेम

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या बेमिजी गावात पार्किंगमधून बाहेर पडताना एक पिकअप माझ्या गाडीला मागून घासली. दिवा फुटला, बंपर लोंबकळला. सुदैवाने कुणाला लागलं नाही. पिकअपवाले वयस्कर गृहस्थ लगेच उतरले, चूक आपली म्हणाले आणि विम्याचं कार्ड पुढे केलं. मी नंबरप्लेटचा फोटो काढला. प्लेट मिनेसोटाची नव्हती, राज्यातल्याच रेड लेक या आदिवासी मुलखाची होती.

खरी कटकट पुढे झाली. माझ्या विमा कंपनीच्या फॉर्ममध्ये समोरच्या गाडीचं राज्य निवडायचं होतं आणि त्या यादीत रेड लेक नव्हतं. मिनेसोटा निवडलं तर नंबर सापडेना. फोनवरच्या बाईंनी सांगून टाकलं, "ही प्लेट आम्ही धरत नाही. गाडी बिननोंदणीची म्हणून लिहितो." इतक्या सरळ वागलेल्या माणसावर माझ्या क्लेममुळे असा शेरा बसावा, हे मला अजिबात पटेना. मग मीच कायदा वाचायला बसलो.

रेड लेक हा चिपेवा या अमेरिकेतल्या आदिवासी लोकांचा मुलूख. 1889 च्या कायद्याने मिनेसोटातल्या इतर चिपेवा वसाहतींच्या जमिनींचे माणशी तुकडे पाडले गेले आणि पुढे त्यातल्या कितीतरी परक्यांच्या हातात गेल्या. रेड लेकच्या लोकांनी वाटणीच नाकारली. पुष्कळ जमीन त्यांनाही सोडावी लागली, पण राखली ती आजही सगळ्यांची सामाईक आहे. मला तर सगळ्याचं मूळ या नकारातच दिसतं. 1953 मध्ये अमेरिकी संसदेने आदिवासी मुलखातले खटले चालवायचा अधिकार मिनेसोटाला दिला, तोही रेड लेक वगळून. तिथे पोलीस त्यांचे, न्यायालय त्यांचं. 1974 पासून गाड्यांची नोंदणीही त्यांचीच. ती मान्य करण्यावरून राज्याशी वाद झाला आणि 1976 मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने रेड लेकच्या बाजूने निकाल दिला. एमएच पासिंगची गाडी जशी गोव्यात चालते, तशी ही गाडी मिनेसोटाच्या रस्त्यावर चालते.

त्या निकालाची प्रत, पोलिसांचा अहवाल, गाडीचा चासी नंबर आणि समोरच्यांचा पॉलिसी नंबर असं सगळं जोडून मी क्लेम विभागाच्या वरिष्ठांना लेखी पाठवलं. फोनवर वाद घालण्यात अर्थ नसतो. लेखी दिलं की लेखी उत्तर द्यावं लागतं. प्लेटचा नंबर सापडत नसेल तर चासी नंबर द्या, त्यावरून गाडी ओळखता येते.

दुरुस्तीचे पैसे आले, पण "बिननोंदणीची" हा शेरा फाइलवर तसाच होता. पैसे मिळाले ना, मग आता कशाला, असं घरातलेही म्हणाले. मी पुन्हा लिहिलं. काही आठवड्यांनी शेरा काढल्याचं पत्र आलं आणि नोंदणीच्या रकान्यात "रेड लेक" असं लिहिलं गेलं.