खोक्यातलं मशीन

मार्च २०२३ मधला बुधवार. सकाळी साडेसातला मी आमच्या कॉलेजच्या मशीन शॉपमध्ये एका लाकडी खोक्यासमोर उभी होते. खोकं माझ्यापेक्षा चांगलं तीन फूट उंच. नऊ महिने तिथेच असल्यामुळे शॉपमधल्या सगळ्यांना त्याची सवय होऊन गेली होती. एका बाजूच्या फळीला मुलांनी खिळे ठोकून एप्रन अडकवले होते. पुढच्या आडव्या पट्टीवर कॉफीच्या कपांचे गोल डाग पडले होते, एकात एक गुंतलेले. आत साडेतीन टनांचं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणारं, मिलिंग मशीन होतं, ८२ हजार डॉलरचं. पैसे सरकारचे, पण अर्ज माझा होता, त्याखाली सही माझी होती. आणि दहा वाजता राज्याच्या कार्यालयातून तपासणीला एक बाई यायच्या होत्या.

मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात काम करते. अशी ११६ कॉलेजं या राज्यात आहेत. वेल्डर, नर्स, गाड्यांचे मेकॅनिक, दातांच्या डॉक्टरांचे मदतनीस हे सगळे इथूनच शिकून बाहेर पडतात. अभ्यासक्रम युनिटांत मोजतात; एका युनिटची फी ४६ डॉलर, आणि गरीब विद्यार्थ्यांना तीही माफ होते. या धंदेशिक्षणाच्या वर्गांसाठी पैसा मिळवायचा आणि त्याचा पै-पैचा हिशोब द्यायचा, हे माझं काम.

त्यातला एक मोठा पैसा पर्किन्स कायद्याचा. कार्ल पर्किन्स हे केंटकीचे खासदार होते. १९८४च्या कायद्याला त्यांचं नाव दिलं गेलं; आता चालतो तो त्याचा २०१८चा अवतार. वर्षाला सव्वा अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वॉशिंग्टनहून राज्यांकडे येते. पुढे ती कॉलेजांना वाटताना पाहतात काय, तर या वर्गांमध्ये पेल ग्रँट घेणारे, म्हणजे गरीब घरचे, विद्यार्थी किती आहेत. मला या कायद्यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त भावते. एखादी आई गोदामातली पाळी संपवून संध्याकाळी लेथवर येऊन उभी राहते, तेव्हा तिच्या नावाने कॉलेजात चार पैसे येतात. ते तिच्यापर्यंतच पोचले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

ते मशीन मी याच विचाराने मागितलं होतं. आमच्या भागातले कारखानदार सल्लागार समितीच्या बैठकीला आले की दर वेळी एकच सांगायचे: तुमची पोरं हाताने चालवायच्या मशीनवर तयार होतात, आमच्याकडे सगळं सीएनसी आहे. स्थानिक गरज काय आहे याची पाहणी दर दोन वर्षांनी करायची असं कायदाच सांगतो. त्या पाहणीतही हेच निघालं. अर्ज मंजूर झाला, ऑर्डर गेली आणि आर्थिक वर्ष ३० जूनला संपायच्या आत, म्हणजे जून २०२२ मध्ये, मशीन येऊन दाखल झालं.

त्या रात्री मी बाबांना फोन केला. बाबा साताऱ्याकडच्या एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिल्प निदेशक होते. आयुष्यभर त्यांनी मुलांकडून लोखंडाचे तुकडे घासून घेतले, काटकोन लावून उजेडाकडे धरून पाहायचे आणि फट दिसली की परत घासायला लावायचे. मी मोठ्या आनंदाने मशीनची किंमत सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "अगं, सप्लाय बघितलास का? तुमच्या शॉपात तेवढा लोड घेईल का पॅनेल?"

मी बघितला नव्हता. अर्जात मशीनची किंमत होती, वाहतूक होती, शिक्षकांच्या चार दिवसांच्या प्रशिक्षणाचा खर्चही होता. विजेचा रकाना नव्हता, आणि तो असायला हवा होता हे मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने पॅनेलचं दार उघडून दाखवलं. एकही जागा मोकळी नव्हती. थ्री-फेजची नवी लाईन ट्रान्सफॉर्मरपासून जमिनीखालून आणायची, नवं पॅनेल बसवायचं: अंदाज ५१ हजार डॉलर. शिवाय कॉलेजच्या इमारतीला हात लावायचा म्हणजे राज्याच्या वास्तुविशारद कार्यालयाची मंजुरी लागू शकते.

माझी आई महिन्याच्या पगाराची पाकिटं करायची. दुधाचं, वाण्याचं, फीचं, भिशीचं. पण घरात कुणी आजारी पडलं की भिशीच्या पाकिटातले पैसे औषधाला निघायचे, आणि पुढच्या महिन्यात ती ते भरून काढायची. आमच्याकडेही पाकिटंच आहेत, फक्त एकातलं दुसऱ्यात घालता येत नाही. पर्किन्सच्या पैशाने मशीन घेता येतं, इमारतीचं काम करता येत नाही. बाँडच्या, म्हणजे मतदारांच्या संमतीने काढलेल्या कर्जाच्या, पैशाने इमारतीचं काम करता येतं, पण २०००च्या सार्वमताने बाँड पास व्हायला ५५ टक्के मतांची अट आणली तेव्हाच त्यातून पगार देता येणार नाही हेही ठरवून टाकलं. आणि आमच्या बाँडची यादी तर आधीच भरलेली होती. २०१६ पासून राज्य स्ट्राँग वर्कफोर्स नावाने वेगळा निधी देतं. त्या वर्षीचा आमचा वाटा नर्सिंगच्या लॅबला कबूल झाला होता, आणि नर्सिंगच्या हातातला घास काढून घ्यावा असं मला वाटत नव्हतं.

राहिला कॉलेजचा रोजचा पैसा. तो बराचसा विद्यार्थ्यांच्या तासांवर येतो. ५२५ तास म्हणजे एक पूर्णवेळ विद्यार्थी, असा हिशोब. इतिहासाच्या वर्गात पंचेचाळीस जण बसतात, मशीन शॉपमध्ये सुरक्षिततेमुळे वीसच्या वर घेता येत नाहीत. तासाला मिळणारा दर मात्र दोघांना सारखा. मग लोखंड, कटर, तेल, मोडलेली टूल्स हा सगळा खर्च त्या वीस जणांच्या तासांतून निघायचा कसा? म्हणून दुरुस्तीच्या यादीत आमची लाईन एकतिसाव्या नंबरला होती. वर गळकी छपरं होती, बंद पडलेली लिफ्ट होती. त्यांनाही मी चुकीचं म्हणू शकत नव्हते.

मशीनला पैसा मिळतो, कारण मशीनचा फोटो काढता येतो, त्याला नंबर लावता येतो. तारेला, कटरला, शिकवणाऱ्याला पैसा मागितला की सगळे पाकिटाच्या नियमांकडे बोट दाखवतात. हे असंच असतं असंही नाही. १९१७ मध्ये अमेरिकेने धंदेशिक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा केला, स्मिथ-ह्यूज कायदा, तेव्हा त्यातला मोठा खर्च शिक्षकांच्या पगारावरच होता. आधी शिकवणारा माणूस, मग यंत्र. त्या लोकांना हे कळलं होतं.

तर त्या बुधवारी.

आदल्या दिवशी एका वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन सुचवलं होतं, "खोकं तरी फोडून टाक. प्लास्टिक काढ, मशीन उभं दिसू दे. दिसलं म्हणजे झालं." रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी मी लवकर गेले ती, खरं सांगायचं तर, फोडायचं की नाही ते अजून ठरलं नव्हतं म्हणून. शॉपच्या शिक्षकांनी पहार काढूनही ठेवली होती. मी त्यांना म्हटलं, "राहू दे सर, आहे तसं दाखवू या."

तपासणीच्या बाई साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी खरेदीची ऑर्डर पाहिली, पोचपावती पाहिली, उपकरणांची नोंदवही पाहिली. केंद्राच्या पैशाने घेतलेल्या प्रत्येक मोठ्या वस्तूची दोन वर्षांतून एकदा प्रत्यक्ष जाऊन मोजणी करावी लागते, आणि नोंदीतला नंबर वस्तूवरच्या नंबराशी जुळावा लागतो. नंबराची पट्टी मशीनच्या मागच्या बाजूला होती. म्हणजे खोक्याच्या आत, भिंतीच्या अंगाला.

बाई गुडघ्यावर बसल्या. फोनचा उजेड दोन फळ्यांमधल्या फटीत टाकून बघू लागल्या. काही दिसेना. वर्ग चालू होता, पण एव्हाना सगळे लेथ थांबले होते.

तेवढ्यात एक विद्यार्थिनी पुढे आली. वय अडतीस-चाळीस, पदरात दोन मुलं, रात्री गोदामात काम, सकाळी इथे. माझ्या तक्त्यांमध्ये ती अनेक रकान्यांत मोजली जायची: एकटी पालक, कमी उत्पन्न, आणि ज्या धंद्यात बायका २५ टक्क्यांपेक्षा कमी आहेत त्या धंद्यात शिकणारी बाई. तिने भिंतीवरून लांब दांडीचा छोटा आरसा काढून आणला. मशीनच्या अवघड कोपऱ्यात बघायला असतो ना, तो. फटीतून आत सरकवला, मनगट थोडं वळवलं आणि आरशातले उलटे आकडे सुलटे करत एकेक वाचू लागली. बाई नोंदवहीवर बोट ठेवून जुळवत गेल्या. अकरा आकडी नंबर एका झटक्यात बिनचूक जुळला. तिचा हात जराही हलला नाही.

बाईंनी विचारलं, "या मशीनवर काम केलंय का तुम्ही?"

"नाही," ती म्हणाली. "माझा कोर्स मेमध्ये संपतो." मग आरसा एप्रनला पुसला आणि जागेवर अडकवून आली.

बाई माझ्याकडे वळल्या. मी पॅनेलचं दार उघडून दाखवलं, एकतिसावा नंबर सांगितला, अर्जात विजेचं विचारायचं माझ्याकडून राहिलं तेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे मला लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हटलं. गळा दाटून आला होता. अठरा वर्षांच्या नोकरीत माझ्या कामावर हा पहिला शेरा होता.

शेरा जेमतेम दोन ओळींचा होता: केंद्रीय निधीतून घेतलेलं उपकरण नऊ महिने विद्यार्थ्यांच्या वापरात नाही, साठ दिवसांत सुधारणेची योजना सादर करावी. माझ्या बावीस ई-मेलांनी जे झालं नव्हतं ते त्या दोन ओळींनी केलं. शेऱ्याला उत्तर दिलं नाही तर पुढच्या निधीवर गदा येते, हे वरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. एकतिसावी लाईन चौथ्या नंबरला आली, राखीव पैशातून रक्कम निघाली. तेव्हापासून यंत्राच्या माझ्या प्रत्येक अर्जासोबत इलेक्ट्रिशियनच्या सहीचा एक कागद असतो. वीज किती लागेल, हवा किती लागेल, जमीन वजन पेलेल का, आणि चालवायला कोण आहे. लोकांना तो कागद जाच वाटतो. मी त्याशिवाय अर्ज पुढे पाठवत नाही.

खणायचं काम, मंजुऱ्या, पॅनेलची वाट बघणं यात उन्हाळा गेला. ऑक्टोबरमध्ये मशीन चालू झालं. मी त्याचा व्हिडिओ बाबांना पाठवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि कूलंट कुठलं वापरता ते विचारलं.

नोव्हेंबरमध्ये कोर्स संपवून गेलेल्यांना फोन करायची वेळ आली. ही पाठपुराव्याची कामं मी दुसऱ्यावर सोपवत नाही. यादीत तिचं नाव होतं. ठरलेले प्रश्न विचारले. नोकरी आहे का? आहे. कुठे? तेच गोदाम, तीच रात्रपाळी. दोन कारखान्यांत मुलाखती झाल्या होत्या, दोन्हीकडे सीएनसी येतं का असं विचारलं होतं. फॉर्मवर 'नोकरीत आहे' या चौकोनात खूण करावी लागली. कायद्याच्या हिशोबाने तो आकडा यशात जातो. ती खूण करताना मला फार वाईट वाटलं.

फॉर्म बाजूला ठेवून मी म्हटलं, "जानेवारीत सीएनसीचा वर्ग सुरू होतोय. सकाळी आठला. तीन युनिट, तुमची फी माफ होईल, कागद मी करून देते."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मागे कुठेतरी लहान मूल बोलत होतं. मग तिने इंग्रजीत एकच विचारलं, आणि ते माझ्या कानांना थेट गावाकडच्या शब्दांत ऐकू आलं: लाईट आली का?

"आली," मी म्हटलं.