मागची सीट

शेजारचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर चालवायचे, हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत. आम्ही कॅनडात, हॅमिल्टनला राहायला आलो तेव्हा दारातला बर्फ कंबर न धरता कसा काढायचा हे त्यांनी शिकवलं होतं, तेवढीच ओळख. २०१८ च्या जूनमध्ये मुलगी म्हणाली, "बाबांना एकदा माउंट होपला न्यायचंय, येतोस का सोबतीला?" तेव्हा ते ९५ वर्षांचे होते.

हॅमिल्टनचा विमानतळ माउंट होपला आहे आणि तिथेच जुन्या लढाऊ विमानांचं संग्रहालय. उडू शकणारी लँकेस्टर बॉम्बर आता जगात दोनच उरलीत, त्यातलं एक इथलं. आजोबांनी युद्धात लँकेस्टरच चालवलेलं, म्हणून मला वाटलं ते त्याच्यापाशी रेंगाळतील. त्यांनी त्याच्या अवाढव्य चाकावर क्षणभर हात ठेवला आणि काठी टेकत पुढे गेले. थेट एका छोट्या पिवळ्या विमानाकडे.

टायगर मॉथ. नवख्यांना उडायला शिकवायचं विमान. एकावर एक असे दोन पंख, आणि त्यांच्यावर पत्रा नाही, ताणून बसवलेलं कापड. डिसेंबर १९३९ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात करार झाला आणि कॅनडाभर विमानविद्येच्या शाळा निघाल्या. तिथून १ लाख ३१ हजारांहून जास्त माणसं शिकून बाहेर पडली. वैमानिक, नेव्हिगेटर, गनर, सगळेच. माउंट होपचं मैदानही तेव्हा प्रशिक्षणाचंच होतं. आपल्या जेआरडींनी १९३२ साली कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पस मॉथ विमानही टायगर मॉथ बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीचंच, त्यामुळे मला हे विमान उगाचच ओळखीचं वाटलं. मूळ इंग्लिश टायगर मॉथ उघडं असायचं आणि त्याला ब्रेकही नसायचे. इथल्या थंडीसाठी कॅनडाने त्यावर सरकतं छत बसवलं, ब्रेकही दिले.

आजोबा कोण आहेत हे कळल्यावर तिथल्या स्वयंसेवकाने साखळी काढली. मी आधी चढून हात द्यावा म्हणून पाय उचलला, तर मागून खणखणीत आवाज आला, "काळ्या पट्टीवरच पाय! बाहेर पडला तर कापड फाटेल." पंखाच्या मुळाशी खरोखरच पावलापुरती काळी पट्टी होती. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

त्यांना मागच्या सीटवर बसवायला आम्हा तिघांना दहा मिनिटं लागली. टायगर मॉथमध्ये विद्यार्थी मागे बसतो, मास्तर पुढे. बोलणं स्टेथोस्कोपसारख्या रबरी नळीतून.

"मास्तरांचा चेहरा आठवत नाही," आजोबा म्हणाले. "मान आठवते. चिडले की लाल व्हायची."

मग मला म्हणाले, "पुढे बस."

मी बसलो. बराच वेळ मागून काही आवाज नाही. इंजिनाच्या तेलाचा वास येत होता. पायांमधली स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, एकदा डावीकडे झुकली, पुन्हा सरळ झाली. दोन्ही स्टिक आतून जोडलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा हात मला माझ्या गुडघ्यापाशी कळत होता.

"आता उतर," ते म्हणाले. "आणि जाताना पट्टे बांधून जा."

मला कळेना. स्वयंसेवकाने हळूच सांगितलं: आठ-दहा तास शिकवून झालं की एक दिवस मास्तर काही न सांगता खाली उतरायचे. रिकाम्या सीटचे पट्टे स्टिकमध्ये अडकू नयेत म्हणून आवळून बांधायचे. मग मुलाने एकट्याने उडायचं. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

मी पट्टे बांधले. नीट, दोनदा ओढून. काळ्या पट्टीवर पाय ठेवून खाली आलो. मागे पाहिलं तर ते ताठ बसलेले, उजवा हात स्टिकवर, नजर पुढच्या सीटवरून पलीकडे. मुलगी काहीतरी विचारणार होती, स्वयंसेवकाने तिला हातानेच थांबवलं.