खेत्री संग्रह: सल्फाइडचा कप्पा भरला, बाबई बाकी

जळगाव-नाशिकच्या झिओलाइटांवर (बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या स्फटिकांवर) पोसलेल्या माणसाने अरवलीच्या नादी लागावं, यावर खनिजं जमवणाऱ्या आमच्या कंपूत अजून टोमणे चालू आहेत. चालू द्यात. या हिवाळ्यात खेत्रीचं काम बरंच पुढे सरकलं.

आधी जागा समजून घ्या. राजस्थानच्या झुंझुनू जिल्ह्यातल्या सिंघाण्यापासून नैर्ऋत्येला रघुनाथगडपर्यंत सुमारे ८० किलोमीटरचा हा ताम्रपट्टा. मध्येच कांतलीचा फॉल्ट (खडक सरकून पडलेली भेग) त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे करतो. डोंगरांच्या उभ्या धारा अलवर गटाच्या क्वार्टझाइटच्या. त्यावर अजबगड गटाचे फायलाइट आणि शिस्ट हे पापुद्र्यांचे खडक, आणि संगमरवर. मदन-कुदान आणि कोलिहान या मोठ्या खाणी याच दोन गटांच्या सांध्याच्या आसपास आहेत.

म्हणून तिकडे जाणाऱ्याला माझं सांगणं: हिरवा डाग दिसला की लगेच हातोडी काढू नका, आधी सांधा शोधा. तो डाग म्हणजे मॅलॅकाइट, तांब्याचं हिरवं कार्बोनेट, आणि ते पाण्याचं काम. वरचा कॅल्कोपायराइट (तांबं, लोखंड आणि गंधक यांचं सल्फाइड) कुजतो, तांबं विरघळून फटींतून झिरपतं आणि कार्बोनेट भेटेल तिथे हिरवं होऊन बसतं. मूळ खनिज तिथून बऱ्यापैकी लांब असू शकतं. त्यापेक्षा तपकिरी-लाल, भोकाभोकांचा, आकाराच्या मानाने हलका लागणारा गोसन जास्त खरं बोलतो, कारण तो सल्फाइड गेल्यावर जागेवर उरलेला गंज असतो.

सध्या टेबलावर आहे तो मुठीएवढा गार्नेट-क्लोराइट शिस्ट. जयपूरच्या एका संग्राहकाने जुन्या साठ्यातून दिला, बदल्यात माझा एक हिरवट अपोफिलाइट गेला. (खाणीच्या लीजच्या हद्दीत मी पाऊल टाकत नाही. माझं वेचणं ओढ्यात आणि रस्त्याकडेला.) दहापट भिंगाखाली काळपट हिरव्या क्लोराइटमध्ये गार्नेटचे गडद लाल दाणे दिसतात आणि पापुद्र्यांच्या मधून पितळी कॅल्कोपायराइटच्या बारीक शिरा पळतात. एक शीर मात्र सगळे पापुद्रे आडवे कापत गेली आहे, म्हणजे ती पापुद्र्यांनंतरची. या पट्ट्यावरचा जुना वाद इथेच आहे: तांबं मूळ गाळाबरोबरच साचलं, की मागाहून गरम, खारट द्रवांनी आणलं? अलीकडचे अभ्यासक बहुतांशी दुसऱ्या बाजूचे. आजूबाजूच्या खडकांत अल्बाइट (सोडियमचं फेल्डस्पार) मोठ्या प्रमाणावर घुसला आहे आणि त्या द्रवांचा काळ सुमारे ८५ ते ८३ कोटी वर्षांपूर्वीचा निघतो. आपला बेसाल्ट जेमतेम साडेसहा कोटींचा! एका हातनमुन्यावरून निकाल देणारा मी कोण, पण ती आडवी शीर मला सुखावते.

ओळख पटवायला महागडं काही लागत नाही. कॅल्कोपायराइटवर चाकूचा ओरखडा उठतो, पायराइटवर उठत नाही. बिनचकाकीच्या टाइलवर कॅल्कोपायराइटची रेघ हिरवट काळी येते. पायरोटाइट हे लोखंडाचं सल्फाइड; त्याचा रंग कांस्यासारखा, आणि दोऱ्याला टांगलेलं चुंबक जवळ नेलं की ते त्याच्याकडे झुकतं. मॅलॅकाइटवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब फसफसतो, क्रिसोकोला या तसल्याच हिरवट-निळ्या तांब्याच्या सिलिकेटवर नाही. अर्थात खाली संगमरवर असेल तर ही चाचणी फसवी.

पायरोटाइटवाल्यांनी विशेष जपावं. दमट हवेत त्याचं सल्फेट होतं, वर पांढरी भुकटी धरते, सोबत आम्ल सुटतं आणि ते शेजारची लेबलंसुद्धा खातं. मुंबईचा पावसाळा म्हणजे या खनिजाचा काळच. माझे नमुने नळाखाली धरत नाही. कोरड्या ब्रशने झाडून, सिलिका जेल टाकून, हवाबंद डब्यात झिओलाइटांपासून वेगळे ठेवले आहेत. सिंघाणा-खेत्रीकडे पूर्वी मोरचूद आणि तुरटी काढायचे, ती याच कुजण्याच्या जोरावर. डब्यात नको असलेलं रसायन तिथे धंदा होतं.

आता अडलंय ते बाबईपाशी. खेत्रीजवळच्या या गावात कोबाल्टाइट (कोबाल्टचं खनिज) आणि डॅनाइट, म्हणजे कोबाल्टयुक्त आर्सेनोपायराइट, मिळायचा. त्याला तिथे सेहता म्हणत आणि जयपूरचे मीनाकार निळ्या रंगासाठी तो वापरत. कुणाकडे ठिकाणाची खात्री असलेला, जुन्या लेबलाचा तुकडा असेल तर कळवा. नखाएवढाही चालेल. बदल्यात पुण्याजवळच्या वाघोलीचा कॅव्हनसाइट (गडद निळं खनिज) द्यायची तयारी आहे, आणि तो चांगल्यापैकी आहे.