आमच्याकडे नको, आई आहे घरी

मंगळवार, रात्र

दुपारी पडल्या पडल्या ऐकू आलं. मुद्दाम कान देऊन ऐकत नव्हते. चिकू फोनवर कुणाला तरी सांगत होता, "आमच्याकडे नको रे. आई आहे घरी."

एवढंच. आवाजात राग नाही, कुरकुर नाही. "आज पाणी येणार नाही" म्हणावं, तसं. मग बी विंगच्या पार्किंगमध्ये करायचं असं त्यांचं ठरलं आणि तो विटा शोधायला निघून गेला.

किल्ल्याचं चाललं होतं. दिवाळी आठ दिवसांवर आलीये.

गेली पाच-सहा वर्षं किल्ला आमच्याच गॅलरीत व्हायचा. पोरं लाल मातीचं पोतं जिन्यातून फरफटत आणायची, माईंच्या कुंड्या कोपऱ्यात सारायची, खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर चिखलाचं पाणी टपकायचं आणि त्या वर मान करून ओरडायच्या. अळीव पेरायचं आणि उगवलं का म्हणून दिवसातून शंभरदा बघायचं. डायलिसिसच्या दोन वर्षांतसुद्धा चुकलं नाही. आठवड्यातून तीन दिवस मी संध्याकाळी पिळून निघाल्यासारखी परत यायची आणि बुरुजावर मावळे कुठे ठेवायचे याचा निवाडा द्यायची. तेव्हाही तो फोनवर हेच तर म्हणायचा. "आमच्याकडे या रे, आई आहे घरी." शब्द तेच. फक्त 'या'चं 'नको' झालं.

मला माती चालत नाही. मातीत बुरशी असते, आणि माझ्या अंगातली शिपाई मंडळी आम्हीच गोळ्या देऊन झोपवलेली आहेत, नाहीतर ती माझ्या आईने मला दिलेल्या किडनीवरच तुटून पडतील. म्हणून कुंड्या गेल्या. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी लागली. तुळससुद्धा खाली काकूंकडे गेली, आणि माई रोज दिवेलागणीला गुडघे धरत एक जिना उतरून तिथे दिवा लावून येतात. काही बोलत नाहीत. तुळस तिथे छान फोफावलीये म्हणे.

गंमत म्हणजे मी सकाळ-संध्याकाळ घेते ती टॅक्रोलिमस मुळात मातीतलीच. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीच्या नमुन्यात एक जिवाणू सापडला, तो हे औषध तयार करतो. ओपीडीत नंबर येईपर्यंत काहीबाही वाचत बसते, त्यात हे कळलं. म्हणजे जपानची माती दिवसातून दोनदा पोटात चालते आणि किल्ल्याचं पोतं गॅलरीतही चालत नाही.

पण मातीचं नाहीच ते. माती चालत नाही हे मलाही पाठ आहे. "आई आजारी आहे" म्हणाला असता तर लागलं नसतं. "आई आहे घरी." जणू माझं घरी असणं हीच अडचण.

आहेच म्हणा. त्याच्या खोलीला बाथरूम जोडलेलं, म्हणून ती खोली मला. तो हॉलमध्ये दिवाणावर. माईंच्या मालिका संपेपर्यंत अंधार होत नाही. त्याची पुस्तकं स्वयंपाकघरातल्या फळीवर, डाळींच्या डब्यांशेजारी. भूगोलाच्या वहीला मसाल्याचा वास येतो. घरात पाणी उकळून, कोशिंबीर बंद, बाहेरचं दही बंद. गणपतीत माईंनी सवयीने पपनस आणलं होतं, ते मी हात लावायच्या आत शेजारी पोचतं झालं, कारण पपनसाने टॅकची पातळी रक्तात चढते. तिघांच्याही मोबाइलमध्ये सकाळी नऊ आणि रात्री नऊचा गजर. ह्याने नागपूरची बदली नाकारली ते मला ऑगस्टमध्ये कळलं, तेही दुसऱ्याकडून. असो.

श्रावणातल्या त्या तापापासून सगळे जास्तच धसकलेत. सीएमव्ही. हा विषाणू बहुतेकांच्या अंगात निपचित पडलेला असतो. सहा महिने त्याच्यावरची गोळी चालू होती, ती बंद झाली आणि त्याने दोन महिन्यांत उचल खाल्ली. दोन आठवडे ॲडमिट, सलाइनमधून औषध, आणि किडनी किती दमलीये ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.२ वरून १.७. शिपायांना जागं करावं तर किडनी धोक्यात, झोपू द्यावं तर विषाणू मोकाट. घरी आले तेव्हा उंबऱ्याबाहेर चपलांचं स्टँड आणि वर सॅनिटायझरची बाटली. त्या दिवसापासून पोरं दारातूनच हाक मारतात. ती पाटी कुणी लिहिली नव्हती, पण सगळ्यांना वाचता येत होती.

आईला फोन केला नाही. ती पहिल्यांदा किडनीची चौकशी करते, मग माझी. "काय म्हणत्ये? नांदत्ये ना नीट?" माझ्या जुन्या दोन काढलेल्या नाहीत, तशाच आत सुकून पडल्यात, आणि हिची खाली उजवीकडे बसवलीये, हे कळल्यापासून तर तिला हसूच येतं. "दोन जावा आधीच्या. ऐतखाऊ. सगळं हिलाच ओढावं लागत असेल." किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे कॅमेरा लावून विचारलं होतं, कुणाचा दबाव आहे का. चौसष्ट वर्षांची बाई ताठ बसून म्हणाली, "माझीच वस्तू, मीच देत्ये, तुम्ही कोण?" तिसऱ्या महिन्यात गावाला परत गेली. तिच्या एका किडनीवर काय चाललंय ते मी विचारते तेव्हा ती आंब्याचं बोलते.

संध्याकाळी आरशासमोर उभी राहिले. स्टेरॉइडने गाल पुरीसारखे फुगलेत आणि केस विरळ झालेत. पणत्या पुसून ठेवाव्या म्हटलं तर हात थरथरतात. शुगर नवीन, ती या दिवाळीची पाहुणी. डाव्या हातातला फिस्टुला, डायलिसिससाठी जोडलेली ती रक्तवाहिनी, अजून घुरघुरतो, उशीखाली हात गेला की मांजर झोपलंय असं वाटतं. थोडी रडले. मग स्वतःचीच चीड आली, कारण आईने अर्धा ऐवज काढून दिला आणि मी एका 'नको'साठी नाक पुसतेय.

तरी ते जाईना. कुणी काही म्हणत नाही, हे मला जास्त खातंय का? माई बोलत नाहीत, हा बोलत नाही, तेरा वर्षांचं पोर आपली खोली सोडतं आणि एकदाही दार आपटत नाही. मी कुणाचा राग घेऊ तरी कसा, कुणी दिलाच नाही तर.

पावणेनऊला चिकू आला. हातपाय धुऊन, तरी नखांत लाल माती. मी विचारायला घेतलं एक आणि तोंडातून आलं भलतंच.

"बुरूज झाला?"

"ढासळला. पाणी जास्त झालं."

"पोत्याचे तुकडे चिखलात बुडवून लावा आधी. गेल्या वर्षी नव्हतं का केलं?" आणि मग राहवलं नाही. "मी घरी आहे म्हणून तिकडे करताय ना?"

त्याने बघितलं माझ्याकडे. "हो मग? कुठे करणार?" आणि एकदम, नळ सुटावा तसं, "आणि माझी खोली कधी मिळणार ते सांग ना. मला झोप येत नाही बाहेर. माई घोरते."

"मी नाही घोरत!" आतून माई. पदर खोचून बाहेर आल्या. "आणि झोपेचं काय घेऊन बसलास, माझी तुळस गेली. रोज त्या बाईच्या गॅलरीत उभं राहायचं, नि ती मला सांगणार, मंजिऱ्या खुडत जा म्हणून. मला!"

"तुम्हीच म्हणालात ना, जाऊ दे खाली?" मी.

"म्हणणार नाही तर काय करणार!"

ऑफिसातून येऊन हा अजून बूट काढत होता. म्हणाला, "जरा हळू, जिन्यात ऐकू येतंय." त्यावर मी त्यालाच धरलं, नागपूरवरून. तो म्हणाला, ते आत्ता काढायची काय गरज होती. मी म्हटलं, मग केव्हा काढू, माझ्या तेराव्याला? फार लागट बोलले. माईंनी जीभ चावली. मी आणखी चढ्या आवाजात, "मग काय करू, परत डायलिसिसला जाऊन पडू?"

सगळे गप्प. आणि मग ऐकू आलं, तीन मोबाइल तीन खोल्यांत केव्हाचे कोकलत होते.

चिकूने ग्लास आणून दिला. अर्धाच भरलेला, माझा हात हलतो म्हणून. तोंड फुगलेलंच होतं. "माझा चार्जर पण तुझ्या खोलीत असतो," म्हणाला, आणि तो घेऊन गेला.

गोळी नऊ वाजून अकरा मिनिटांनी घेतली. श्रावणातल्या तापातही मिनिट चुकवलं नव्हतं. उद्या टॅक लेव्हलची तपासणी, गोळीपासून बारा तास मोजायचे, म्हणजे रक्त सकाळी नऊ अकराला. आईला यातलं काही सांगायचं नाही. हॉलमधून माईंचं घोरणं ऐकू येतंय.