बाण कुठे काढायचा, कुठे नाही

स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गावरचे पिवळे बाण एका माणसाच्या पुढाकारातून आले. ओ सेब्रेइरो या डोंगरातल्या गावाचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८४ मध्ये पिवळा रंग घेऊन वाटेवर बाण काढायला सुरुवात केली. पायवाटेवर अशा खुणा करायच्या तर सामान आजही फारसं लागत नाही. खरी मेहनत आहे ती जागा निवडण्यात.

आधी जमीनमालकाची आणि रस्त्याच्या खात्याची परवानगी घ्या. सरकारी फलकाला मागच्या बाजूनेही रंग लावू नका. मग वाट दोन्ही दिशांनी चाला. जाताना जिथे फाटा जाणवतही नाही, तिथेच येताना माणूस हमखास चुकतो.

प्रत्येक फाट्याला तीन खुणा लागतात: एक वळणाआधी, एक वळणावर आणि एक वळून वीस-तीस पावलं गेल्यावर. ही तिसरी खूण बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची तीच. वळलेल्या माणसाच्या मनात शंका असते. समोर खूण दिसली की तो निर्धास्त पुढे जातो, नाही तर मागे फिरतो. सरळ वाटेवर अधूनमधून एखादी पुरते. खुणांची गर्दी झाली की लोक त्या बघायचंच सोडतात.

खूण डोळ्यांच्या उंचीवर आणि न हलणाऱ्या वस्तूवर हवी. फाटकावर नको, कारण फाटक उघडलं की बाण भलतीकडे वळतो. सुटा दगडही नको, तो कोणीही फिरवतो.

झाडाची सुटी साल तारेच्या ब्रशने हलकेच काढा. आतला जिवंत थर उघडा पडता कामा नये. दगडावरचं शेवाळ खरवडून जागा पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल्या दगडावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो. बाहेरच्या कामाचा अॅक्रिलिक रंग, एक इंची ब्रश आणि दोन पातळ हात. बाण कापलेला साचा धरून रंगवताना ब्रश रंगाने निथळत असेल तर रंग साच्याखाली झिरपतो आणि बाणाचं टोक बोथट होतं. स्प्रे वाऱ्याने पसरतो, म्हणून तो टाळलेला बरा.

फिकट दगडावर पिवळा रंग उठत नाही, त्याला गडद पाठ द्यावी लागते. चेक प्रजासत्ताकातले स्वयंसेवक १८८९ पासून वाटा आखतात. त्यांच्या खुणेत दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक रंगीत पट्टा असतो, सगळं मिळून दहा सेंटिमीटरचा चौकोन. संधिप्रकाशात रंग कळेनासा झाला तरी पांढरं दिसत राहतं.

वर्षातून एकदा तरी फेरी मारायलाच हवी. फांद्या वाढून खुणा झाकतात, झाड जाड होतं तसा रंग तडकतो. आणि वाट बदलली असेल तर नवी खूण काढण्याआधी जुनी बुजवा: खडकावर खडकाच्या, खोडावर खोडाच्या रंगाने. नुसती फुली मारू नका. लांबून तीही खूणच वाटते.